तुटक रकान्यांचा हिशेब

बालाघाट जिल्ह्यातील भरवेलीच्या भूमिगत खाणीतून मँगनीज निघते. त्याच्या पाळीवार टनांचे कोष्टक एक्सेलमध्ये मांडले आहे, अशी कल्पना करावी : पहिली पाळी ‘बी’ रकान्यात, तिसरी ‘डी’ रकान्यात, प्रत्येकी ३० ओळी. मधला रकाना वगळून हे दोन तुकडे मॅक्रोत ‘युनियन’ या आज्ञेने एकाच रेंजमध्ये गुंफता येतात. खरी मेख पुढेच आहे. या जोडरेंजची ‘व्हॅल्यू’ मागितली, तर केवळ पहिल्या तुकड्याचे आकडे हाती येतात; तिसऱ्या पाळीचे सारे टन निमूटपणे गळतात आणि चुकीची सूचनाही उमटत नाही! यास्तव ‘एरियाज’मधील प्रत्येक तुकडा क्रमाने, स्वतंत्रपणे वाचावा लागतो. ‘सम’ मात्र दोन्ही तुकडे बिनचूक मिळवते. नुसती बेरीजच हवी असेल, तर हा खटाटोप कशाला?