मंठ्याहून कोकणात गाडीनं जाताय? सामान निम्मं करा

मंठ्याहून दिवेआगर किंवा गणपतीपुळ्याला जायचं म्हणजे मराठवाडा नि देश ओलांडून शेवटी ताम्हिणी किंवा आंबा घाट उतरायचा. सामान कमी घ्यायचं खरं कारण हा उतार आहे. गाडी जितकी जड, तितकी ती थांबवायला ब्रेकला जास्त ताकद लागते. सतत दाबून ठेवलेले ब्रेक तापतात आणि त्यांची पकड कमी होते. टपावर बॅगा बांधल्या तर गाडी वळणावर जास्त कलते, शिवाय वाऱ्याचा अडथळा वाढून इंधनही जास्त जळतं.

“लेकरं सोबत आहेत, सगळंच लागतं,” असं म्हणतात. पण किनाऱ्यावरची हवा दमट असते. आपल्याकडच्या कोरड्या उन्हात झटकन वाळणारी जीन्स आणि जाड टॉवेल तिथं रात्रभर ओलेच राहतात. म्हणून जास्त कपड्यांपेक्षा लवकर वाळणारे कपडे घ्या: माणशी तीन पातळ जोड, एक पंचा, एक चप्पल. दुसरा आक्षेप खाण्याचा. दशम्या, धपाटे, शेंगदाण्याची चटणी वाटेपुरती जरूर घ्या. चार दिवसांचा शिधा नको, कारण या किनारी गावांत घरगुती जेवण सहज मिळतं. काटकसर फक्त औषधं आणि पिण्याच्या पाण्यात करू नका.

निघण्याआधी टायरमध्ये पूर्ण भारासाठी कंपनीनं दिलेल्या आकड्याइतकी हवा भरा आणि घाट खालच्या गिअरमध्ये उतरा.