माउंट होलिओक: मुलींचे खासगी लिबरल आर्ट्स कॉलेज

अमेरिकेच्या मॅसॅच्युसेट्स राज्यातील साउथ हॅडली या गावी मेरी लायन यांनी १८३७ मध्ये ही संस्था काढली. बेताच्या ऐपतीच्या घरांतील मुलींना परवडावे म्हणून राहण्या-जेवणासह फी वर्षाला अवघी ६० डॉलर होती. स्वयंपाक आणि धुणे विद्यार्थिनीच करत. अभ्यासात मात्र कसलीही सूट नव्हती. रसायनशास्त्राचे प्रयोग मुली स्वतःच्या हातांनी करत, आणि त्या काळात ही मोठीच गोष्ट होती. कवयित्री एमिली डिकिन्सन १८४७-४८ मध्ये येथे शिकल्या.

आज चार वर्षांच्या पदवीसाठी प्रवेशाच्या वेळीच शाखा निवडावी लागत नाही. मुख्य विषय दुसऱ्या वर्षी ठरतो. भौतिकशास्त्राची विद्यार्थिनी तत्त्वज्ञान किंवा नृत्यही शिकू शकते. बहुतेक जणी कॅम्पसवरच राहतात. जवळच्या अ‍ॅम्हर्स्ट आणि स्मिथ कॉलेजांतील विषयही घेता येतात. फी आता भरमसाट आहे, त्यामुळे आर्थिक मदत हा प्रवेशाआधी विचारण्याचा पहिला प्रश्न ठरतो. २०१४ पासून ट्रान्सजेंडर विद्यार्थ्यांनाही प्रवेश मिळतो.

अमेरिकेच्या पहिल्या महिला कॅबिनेट मंत्री फ्रान्सिस पर्किन्स १९०२ मध्ये येथूनच पदवीधर झाल्या. नवजात बाळाची प्रकृती तपासणाऱ्या ‘अ‍ॅपगार स्कोअर’च्या जनक डॉ. व्हर्जिनिया अ‍ॅपगार १९२९ च्या तुकडीतल्या.