रुग्णाच्या मनातील भीती आणि ‘फोटो’

जर्मन शास्त्रज्ञ विल्हेल्म राँटगेन यांनी १८९५ मध्ये क्ष-किरणांचा शोध लावला आणि शरीर न कापता आतील हाडे पाहण्याची सोय वैद्यकशास्त्राला लाभली. आज त्यांच्या जोडीला सोनोग्राफी, सी.टी. स्कॅन व एम.आर.आय. या तपासण्या आल्या आहेत. तथापि, तपासणी कशी होते हे ठाऊक नसल्यास रुग्ण धास्तावतो. प्रसंगी तपासणी न करताच परततो व निदान लांबणीवर पडते.

किरणांची मात्रा

छातीच्या एका क्ष-किरण छायाचित्रातून मिळणारी किरणांची मात्रा ही निसर्गातून प्रत्येकास सुमारे १० दिवसांत मिळणाऱ्या मात्रेइतकी अल्प असते. सी.टी. स्कॅनमध्येही क्ष-किरणच वापरतात; मात्र शरीराच्या अनेक आडव्या छेदांची चित्रे घ्यावयाची असल्याने मात्रा अनेक पटींनी वाढते. म्हणून ही तपासणी गरजेविना करू नये आणि गरज असता टाळूही नये. गर्भवती स्त्रीने, किंवा तशी शक्यता असल्यास, ते आधीच सांगणे अगत्याचे आहे. सोनोग्राफीत ध्वनिलहरी, तर एम.आर.आय.मध्ये चुंबक व रेडिओलहरी वापरतात. या दोहोंत क्ष-किरण नसतात.

दागिने का काढावयाचे?

मंगळसूत्र व जोडवी काढण्यास सांगितल्यावर अनेक स्त्रियांना संकोच वाटतो. यामागील कारण साधे आहे. छातीच्या छायाचित्रात मण्यांची सावली फुप्फुसावर पडून दोष झाकला जाऊ शकतो. एम.आर.आय.चे प्रबळ चुंबक लोखंडी वस्तू वेगाने ओढून घेते व इतर धातू तापण्याचा संभव असतो. शरीरात पेसमेकर किंवा धातूची पट्टी असल्यास तेही सांगावे. यंत्राचा आवाज मोठा असतो. सुमारे २० मिनिटे ते एक तास स्तब्ध पडून राहावे लागते. हे आधी कळले तर घाबरण्याचे कारण उरत नाही.

पूर्वतयारी

पोटाच्या सोनोग्राफीस बहुधा उपाशीपोटी, तर ओटीपोटाच्या सोनोग्राफीस भरपूर पाणी पिऊन यावे लागते. सी.टी. स्कॅनच्या वेळी शिरेतून औषध दिल्यास अंगात क्षणभर उष्णता जाणवते. मूत्रपिंडाचा विकार वा औषधाची ॲलर्जी असल्यास आधी सांगावे. गर्भवतीच्या सोनोग्राफीपूर्वी १९९४ च्या कायद्यानुसार अर्ज भरून घेतात. गर्भलिंग सांगणे वा विचारणे हा गुन्हा आहे. जुनी छायाचित्रे व अहवाल सोबत न्यावेत.

शिक्षक, पंचायत सदस्य व आशा सेविका यांनी रुग्ण गावातून निघण्यापूर्वी एवढे समजावून सांगितले, तरी अनेकांची खेप वाया जाणार नाही व उपचार वेळेवर सुरू होतील.