शंभरचे कनेक्शन आणि अडकलेला व्हिडिओ

घरातच जरीकामाचा कारखाना चालविणारे एक परिचित भाई परवा तक्रार करीत होते. "शंभरचे कनेक्शन घेतले, पैसे वेळेवर भरतो, तरी व्यापाऱ्याला नमुन्याचा व्हिडिओ पाठवायला बसलो की चहा संपतो, व्हिडिओ जात नाही. केबलवाला म्हणतो, दोनशेचा प्लॅन घ्या. घेऊ का?"

अशी घाई करण्याआधी थोडा हिशेब समजून घ्यावा. कापडवाल्यांना गज आणि मीटर यांतला फरक सांगावा लागत नाही. इथेही दोन मापे आहेत. कंपनी वेग सांगते तो मेगाबिटमध्ये आणि फाइलचे वजन असते मेगाबाइटमध्ये. आठ बिटांचा एक बाइट होतो. तेव्हा शंभरच्या कनेक्शनवर सेकंदाला फार तर साडेबारा मेगाबाइट उतरतील. पडद्यावर १२ चा आकडा दिसला तर फसवणूक झाली असे समजू नये.

पण भाईंची अडचण उतरण्याची नव्हती, चढविण्याची होती. टीव्हीच्या केबलचे जाळे मुळात कार्यक्रम घरापर्यंत आणण्यासाठी टाकलेले, एका दिशेचे. त्यावरून इंटरनेट नेण्याचे पहिले सर्वमान्य तंत्र, 'डॉक्सिस', १९९७ साली आले. त्याच्या अमेरिकी पद्धतीत घरातून बाहेर जाणाऱ्या मजकुराला ५ ते ४२ मेगाहर्ट्झ एवढी चिंचोळी पट्टी मिळाली. वरची सगळी रुंद जागा टीव्ही आणि घरात येणाऱ्या मजकुराकडे गेली. म्हणून केबल मोडेमच्या प्लॅनमध्ये उतरता वेग १०० आणि चढता ५ असे असू शकते. जाहिरातीत मोठ्या अक्षरांत असतो तो उतरता वेग.

आता ६० मेगाबाइटचा व्हिडिओ घ्या. त्याचे ४८० मेगाबिट झाले. शंभरच्या वेगाने तो पाच सेकंदांत उतरेल, पण पाचच्या वेगाने चढायला ९६ सेकंद लागतील, तेही दुसरे कोणी नेट वापरत नसेल तर. दोनशेच्या प्लॅनमध्ये चढता वेग पाचच राहणार असेल, तर जादा पैसे भरूनही ९६ सेकंद ते ९६ सेकंदच! तेव्हा केबलवाल्याला पहिला प्रश्न हाच विचारावा: अपलोड किती? (देशात १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमने सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू केले. त्या वेळच्या ९.६ किलोबिटच्या मोडेमवर हाच व्हिडिओ पाठवायला चौदा तासांच्या आसपास लागले असते!)

आपल्याकडे ज्याला सरसकट 'केबलचे नेट' म्हणतात ते सगळेच केबल मोडेम नसते. टीव्हीची गोल जाड वायर पेचाच्या पिनेने मोडेमला जोडलेली असेल तर ते केबल मोडेम. बारीक काचेची तार येत असेल तर ते फायबर. त्यात चढता-उतरता वेग बहुधा सारखा असतो.

आणखी एक गोष्ट पुष्कळांना ठाऊक नसते. आपण काही उतरवून घेतो तेव्हा 'माल मिळाला' अशी पोच आपले यंत्र सतत परत पाठवीत असते. ती पोच त्याच चिंचोळ्या वाटेने जाते. घरातले तीन-चार मोबाइल रात्री वाय-फायवर आले आणि दिवसभराचे फोटो आपोआप वर साठवू लागले, की वाट तुंबते, पोच अडकते आणि उतरणेही मंदावते. बिल निघत नाही, रिटर्न भरण्याचे पान उघडत नाही आणि आपण शिव्या देतो कंपनीला. ही आपोआप साठवण मोबाइलच्या सेटिंगमध्ये बंद करता येते किंवा फजरच्या वेळेवर ढकलता येते.

संध्याकाळीच वेग पडत असेल तर कारण बाहेरचे असू शकते. एका केबलवर मोहल्ल्यातली अनेक घरे वाटेकरी असतात. पावसाळ्यात पडत असेल तर जोड तपासून घ्यावेत, आत पाणी शिरते. टीव्हीसाठी मध्ये स्प्लिटर लावला असेल तर दोन वाटांच्या स्प्लिटरमध्ये सिग्नल निम्म्याहून थोडा कमी उरतो. गरज नसलेला स्प्लिटर काढून टाकावा.

हे सगळे कळण्याचा उपाय एकच. लॅपटॉप वायरने थेट मोडेमला जोडा, बाकीची यंत्रे बंद करा आणि सकाळी, दुपारी व रात्री वेग मोजून वहीत लिहा. वायरवर पूर्ण वेग येतो पण वाय-फायवर येत नाही, तर दोष घरातला आहे. लोखंडी कपाटामागे ठेवलेला राउटर काय करणार? तो उंच, मोकळ्या जागी ठेवावा. जवळ बसणाऱ्यांनी ५ गिगाहर्ट्झचा पट्टा वापरावा. तो वेगवान आहे, पण भिंतीपलीकडे लवकर दमतो. जुन्या राउटरचे वायरचे पोर्ट शंभरचेच असतात. त्यावर दोनशेचा प्लॅन वाया जातो.

वायरवरही वेग सतत कमी येत असेल तर ती वही घेऊन तक्रार करावी आणि तक्रारीचा नंबर मागून घ्यावा. दाद लागली नाही तर त्याच नंबरावर कंपनीच्या अपील अधिकाऱ्याकडे जाता येते.

भाईंच्या घरी वायर लावून पाहिली तर उतरता वेग ९४ आला, चढता पाचाला थोडा कमी. मुलांच्या दोन मोबाइलची फोटोसाठवण चालू होती. ती बंद केली. प्लॅन जुनाच आहे.