मैत्रीचे संघ (लेख ५) : सोलापूरचा डॉक्टर आणि कोलकात्याच्या सुया

मागच्या लेखात आपण ओझरच्या मिग कारखान्याच्या निमित्ताने भारत-सोव्हिएत मैत्रीची गोष्ट पाहिली. तिथे दोन्ही सरकारे एका बाजूला होती. कारखाना होता, करार होते, रशियन वर्ग होते, स्वस्तात मिळणारी मराठी पुस्तके होती. सगळे अनुकूल असताना मैत्रीसंघ चालवणे फारसे अवघड नसते. आज उलट उदाहरण घेऊ. दोन देशांत युद्ध झाले, राजदूत माघारी बोलावले गेले, सीमेवर जवान मारले गेले. अशा वेळी मैत्रीसंघाने करायचे काय? या प्रश्नासाठी भारत आणि चीन यांच्याइतकी बोलकी जोडी दुसरी नाही, आणि या जोडीतले सर्वांत मोठे नाव मराठी आहे : डॉ. द्वारकानाथ शांताराम कोटणीस.

या लेखमालेत आपण एकच गोष्ट तपासत आहोत. दोन समाजांना जोडणाऱ्या संस्था वर्षभर नेमके करतात काय, आणि त्यातले टिकते काय? सत्कार, स्नेहभोजन, शिष्टमंडळ, स्मृतिदिन हे सगळीकडे सारखेच असते. फरक पडतो तो त्यापलीकडच्या कामाने.

पथक कसे निघाले

जुलै १९३७ मध्ये जपानने चीनवर पूर्ण ताकदीने हल्ला केला. त्याच वर्षाच्या अखेरीस चीनच्या आठव्या मार्ग सेनेचे सेनापती चू दे यांनी पंडित नेहरूंना पत्र लिहून वैद्यकीय मदत मागितली. आपण तेव्हा स्वतःच पारतंत्र्यात होतो. सरकार नव्हते, सैन्य नव्हते, परराष्ट्र खाते नव्हते. तरीही काँग्रेसने ही मागणी मनावर घेतली. १९३८ मध्ये काँग्रेसचे अध्यक्ष असलेल्या सुभाषचंद्र बोस यांनी जाहीर आवाहन केले, जुलैमध्ये देशभर ‘चीन दिन’ पाळला गेला आणि सुमारे २२,००० रुपये जमले. त्यातून एक रुग्णवाहिका, औषधे आणि पाच डॉक्टर पाठवायचे ठरले.

डॉक्टर निवडले, पण त्यांच्या पासपोर्टची नाडी ब्रिटिश सरकारच्या हातात होती. कलकत्त्याचे डॉ. रणेन सेन कम्युनिस्ट म्हणून नाकारले गेले. त्यांच्या जागी डॉ. विजयकुमार बसू आले. ही अदलाबदल लक्षात ठेवा. या गोष्टीचा पुढचा अर्धा भाग बसूंचा आहे.

पथकाचे प्रमुख अलाहाबादचे डॉ. मदन अटल. ते स्पेनच्या यादवी युद्धात जखमींची सेवा करून आले होते. कलकत्त्याचे दोघे, बसू आणि डॉ. देवेश मुखर्जी. उरलेले दोघे मराठी : नागपूरचे डॉ. चोळकर आणि सोलापूरचे कोटणीस. चोळकरांचे नाव आज नागपुरातही फारसे कोणी घेत नाही. कोटणीसांचा जन्म १० ऑक्टोबर १९१० चा. मुंबईच्या गोवर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालयातून शिकलेला, अठ्ठाविशीलाही न पोचलेला हा तरुण पुढच्या शिक्षणाचा विचार सोडून पथकात दाखल झाला. सप्टेंबर १९३८ मध्ये मुंबईच्या बंदरातून बोट निघाली.

माणूस तिकडेच राहिला

कँटन, हांकौ, चोंगचिंग अशी मजल मारत पथक १९३९ च्या फेब्रुवारीत येनानला पोचले. वाटेत चोंगचिंगमध्ये कोटणीसांना वडील गेल्याची बातमी कळली. घरी परत जायला कोणीही मुभा दिली असती. ते गेले नाहीत. याच मुक्कामात शांतिनिकेतनच्या चीन भवनाचे प्राध्यापक तान युन-शान यांनी पाचही जणांना चिनी नावे दिली. कोटणीस झाले ‘के दिहुआ’. आजही चीनमध्ये शाळकरी मुलांना हेच नाव ठाऊक असते.

पुढे एकेक डॉक्टर परतला. कोटणीस आघाडीवर गेले. तिथे रुग्णालय म्हणजे एखादे देऊळ, एखाद्या शेतकऱ्याचे घर. नाकेबंदीमुळे औषधांची टंचाई. १९४० च्या लढायांत त्यांनी सलग ७२ तास शस्त्रक्रिया केल्याची नोंद चिनी इतिहासात अभिमानाने सांगितली जाते. कॅनडाचे शल्यविशारद नॉर्मन बेथून याच भागात काम करत. शस्त्रक्रिया करताना बोटाला झालेल्या जखमेतून विष भिनले आणि नोव्हेंबर १९३९ मध्ये ते गेले. त्यांच्या नावाने उभ्या राहिलेल्या बेथून आंतरराष्ट्रीय शांतता रुग्णालयाचे प्रमुखपद जानेवारी १९४१ मध्ये कोटणीसांकडे आले. तोवर ते चिनी भाषेत शिकवू लागले होते, त्याच भाषेत शस्त्रक्रियेचे पाठ्यपुस्तक लिहीत होते. १९४१ मध्येच त्यांनी तिथल्या परिचर्या-शिक्षिका ग्वो चिंगलान यांच्याशी लग्न केले. ऑगस्ट १९४२ मध्ये मुलगा झाला. त्याचे नाव यिनहुआ. यिन म्हणजे भारत, हुआ म्हणजे चीन.

मूल साडेतीन महिन्यांचे असताना, ९ डिसेंबर १९४२ रोजी, अपस्माराच्या झटक्याने कोटणीस गेले. वय ३२.

बाकीचे सर्वांना माहीत आहे. ख्वाजा अहमद अब्बास यांनी त्यांच्यावर पुस्तक लिहिले आणि त्यावरून व्ही. शांताराम यांनी १९४६ मध्ये ‘डॉ. कोटनीस की अमर कहानी’ काढला. त्यात कोटणीसांची भूमिका स्वतः शांताराम यांनी केली. महाराष्ट्रातल्या दोन-तीन पिढ्यांना कोटणीस माहीत आहेत ते या चित्रपटामुळे, हे मान्य करायला हवे.

दोन देश, दोन तऱ्हा

स्वातंत्र्यानंतर, १ एप्रिल १९५० रोजी, भारताने नव्या चीनशी राजनैतिक संबंध जोडले आणि मैत्रीसंघांचा सुकाळ आला. आपल्याकडे पंडित सुंदरलाल यांच्या पुढाकाराने भारत-चीन मैत्री संघ उभा राहिला, शहरोशहरी शाखा निघाल्या. तिकडे १९५२ मध्ये चीन-भारत मैत्री संघ आणि १९५४ मध्ये परदेशांशी मैत्रीचे काम पाहणारी मोठी मध्यवर्ती संस्था स्थापन झाली.

नावे सारखी असली तरी दोन्हींची घडण अगदी वेगळी, आणि पुढचे सगळे कळण्यासाठी हा फरक ध्यानात घ्यावा लागतो. आपल्याकडचा संघ म्हणजे वर्गणी काढणारे, सभागृह भाड्याने घेणारे, आपापल्या पक्षाचे आणि मतांचे लोक. त्यात गांधीवादी होते, कम्युनिस्ट होते, नुसते हौशीही होते. तिकडची संस्था नावाला जनतेची, व्यवहारात सरकारची. तिला कार्यालय, दुभाषे, पाहुणचाराचा खर्च, सगळे राज्ययंत्रणेकडून मिळते. त्यामुळे तिची स्मरणशक्ती लांब पल्ल्याची असते. सरकारला गरज असेल तेव्हा ती जुने नाव बाहेर काढते, नसेल तेव्हा कपाटात ठेवते. आपल्याकडच्या संघाची स्मरणशक्ती मात्र दोन-चार माणसांच्या आयुष्याएवढीच. ती माणसे गेली की शाखा बंद.

कोटणीसांच्या बाबतीत हे स्पष्ट दिसते. चौ एन-लाय यांच्यापासून जियांग झेमिन (१९९६), हू जिंताओ (२००६), ली केकियांग (२०१३) आणि शी जिनपिंग (२०१४) यांच्यापर्यंत चीनचा जो बडा नेता भारतात आला, तो कोटणीसांच्या कुटुंबीयांना आवर्जून भेटला. उत्तर चीनमधल्या शिजियाझुआंग शहरातल्या हुतात्मा स्मशानभूमीत बेथून यांच्यासोबत कोटणीसांची समाधी आहे. एप्रिलमध्ये पितरांचे स्मरण करण्याच्या चिनी सणाला तिथे फुले वाहिली जातात. त्याच शहरात त्यांच्या नावाचे वैद्यकीय विद्यालय आहे आणि तिथले विद्यार्थी त्यांच्या पुतळ्यासमोर शपथ घेतात. चीनने त्यांच्यावर १९८२ मध्ये टपाल तिकिटे काढली, भारताने १९९३ मध्ये. यात कृतज्ञता खरी आहे. राजकारणही खरे आहे. दोन्ही एकत्र नांदू शकतात, हे मान्य केले की मैत्रीसंघांकडे भाबडेपणाने किंवा संशयाने बघायची गरज उरत नाही.

‘भाई भाई’नंतर

ऑक्टोबर १९६२ मध्ये सीमेवर युद्ध पेटले आणि भारत-चीन मैत्री संघ पत्त्याच्या बंगल्यासारखा कोसळला. कालपर्यंत ‘हिंदी-चीनी भाई भाई’ म्हणत हार घालणारे दिसेनासे झाले. त्यांना दोष देण्यात अर्थ नाही. आपले जवान मरत असताना शत्रूच्या नावाचा फलक दारावर ठेवणे कोणालाच जमले नसते. पण संघाची आणखी एक अडचण होती. त्याच्याकडे व्याख्याने आणि शिष्टमंडळे सोडून काहीच नव्हते. शिष्टमंडळ थांबले की संघाला उघडे राहायला कारणच उरत नव्हते.

इथे पुन्हा डॉ. बसू येतात. ते १९४३ मध्ये भारतात परतले आणि कलकत्त्यात व्यवसाय करू लागले. १९५८ च्या सुमारास ते पुन्हा चीनला गेले, तिथे स्वतःच्या जुन्या दुखण्यावर त्यांनी अॅक्युपंक्चर करून घेतले आणि गुण आल्यावर ते शिकूनही घेतले. १९५९ पासून कलकत्त्यात त्यांनी या पद्धतीने रोगी तपासायला सुरुवात केली. भारतात अॅक्युपंक्चरचा पाया इथे घातला गेला. तीन वर्षांनी युद्ध झाले. मैत्री संघ बुडाला, बसूंचा दवाखाना चालूच राहिला. गुडघा दुखणाऱ्या रोग्याला मॅकमोहन रेषेशी काय देणेघेणे?

या दवाखान्याभोवतीच पुढे सत्तरच्या दशकात कोटणीस स्मृती समितीचे काम वाढले. दोन्ही देशांचे राजदूत एकमेकांच्या राजधानीत परतले ते १९७६ मध्ये. म्हणजे सरकारी दारे बंद असताना किंवा जेमतेम किलकिली होत असताना ही समिती चालू होती. तिचे काम साधे होते. आठवड्यातून ठरलेल्या दिवशी शिबिर, नाममात्र शुल्क किंवा फुकट उपचार, आणि नव्या डॉक्टरांना शिकवणे. शिबिर म्हणजे एका खोलीत ओळीने मांडलेल्या खाटा किंवा बाकडी, त्यावर आडवे झालेले रोगी, पायाच्या पोटरीत, मनगटाशी, कानाच्या पाळीत खोवलेल्या केसासारख्या बारीक सुया, आणि साधारण वीस मिनिटे उलटली की सुया काढत पुढे सरकणारा डॉक्टर. याच परंपरेतून लुधियान्यातही कोटणीसांच्या नावाचे अॅक्युपंक्चर रुग्णालय उभे राहिले.

अॅक्युपंक्चर किती रोगांवर चालते याबद्दल वैद्यकशास्त्रात वाद आहेत. काही प्रकारच्या दुखण्यांत आराम पडतो असे पुरावे आहेत, अनेक मोठे दावे मात्र सिद्ध झालेले नाहीत. तो आजचा विषय नाही. संस्था म्हणून पाहिले तर निष्कर्ष सरळ आहे : एका मैत्रीसंघाने परदेशातून एक कौशल्य आणले, ते इथल्या गरिबांच्या उपयोगी पडेल असे मांडले, म्हणून युद्धही त्याला बंद पाडू शकले नाही. पश्चिम बंगालने १९९६ मध्ये अॅक्युपंक्चरसाठी कायदा केला, पुढे महाराष्ट्रानेही केला. मैत्रीसंघाच्या कामाचे रूपांतर कायद्यात होणे, याहून मोठी पावती कोणती?

कराराने जुळलेली शहरे

आता अलीकडचे पाहू. सप्टेंबर २०१४ मध्ये मुंबई आणि शांघाय यांना ‘भगिनी शहरे’ म्हणून जोडणारा करार झाला. मे २०१५ मध्ये औरंगाबाद, म्हणजे आजचे छत्रपती संभाजीनगर, आणि चीनमधले दुन्हुआंग जोडले गेले. दुसरी जोडी फार विचार करून निवडलेली होती. एकीकडे अजिंठा, दुसरीकडे दुन्हुआंगजवळची मोगाओ लेणी; दोन्हीकडे बौद्ध भित्तिचित्रे आणि दोन्हीकडे ती टिकवण्याची एकच काळजी : दमट हवा, गर्दी, उडणारे रंग. दोन्हीकडच्या जतनतज्ज्ञांनी एकमेकांकडे महिना-महिना काम करावे, याहून नैसर्गिक देवाणघेवाण नाही. पण असे करार सही करणाऱ्यांच्या स्तरावर राहिले आणि २०२० मध्ये गलवान खोऱ्यात झाली तशी सीमेवरची चकमक झाली, की त्यांच्या बाजूने बोलायला गावात कोणी उरत नाही. बसूंच्या दवाखान्याच्या बाजूने बोलायला रोगी होते. करार आणि दवाखाना यांच्यातला फरक तो हाच.

आपल्या नाशिकलाही भारत-चीन नात्याच्या या विषयात परके वाटायचे कारण नाही. सातव्या शतकात चिनी यात्रेकरू ह्युएन त्संग महाराष्ट्रात येऊन गेला. त्याने वर्णन केलेली इथली राजधानी म्हणजे नाशिक असावे, असे इतिहाससंशोधक फ्लीट यांचे मत होते. इतर संशोधकांनी वेगळी गावे सुचवली आहेत. ते काही असो, पांडवलेण्यांतला बौद्ध विहार तेव्हाही जुना होता, हे नक्की.

नाशिकमधल्या संस्था, महाविद्यालये आणि क्लब परदेशी संस्थांशी नाते जोडत असतात, ही चांगली गोष्ट आहे. त्यांना एवढेच सांगावेसे वाटते : करार करण्याआधी एक प्रश्न विचारा. उद्या दोन्ही सरकारांचे बिनसले, तर तुमच्या उपक्रमाच्या बाजूने उभा राहील असा गावातला सामान्य माणूस कोण? एखादा वर्ग, एखादी कार्यशाळा, एखादा दवाखाना असेल तर उत्तर मिळेल. नसेल तर तो उपक्रम फलकापुरताच आहे, असे समजा.

आणि सोलापूरला जाणे झाले, तर भैय्या चौकातले कोटणीसांचे घर अवश्य पाहा. महापालिकेने तिथे स्मारक केले आहे. मुलांना बरोबर न्या, आणि चित्रपटातले कोटणीस सांगून झाले की चोळकर आणि बसू यांची नावेही सांगा.

(पुढील आठवड्यात : १९३२ पासून चालू असलेले लंडनचे महाराष्ट्र मंडळ)