हास्यवायु आणि मोटारीचें इंजिन

गेल्या सत्रांत रसायनाच्या तासाला एका विद्यार्थ्यानें आम्हांस प्रश्न विचारला. २००१ सालीं निघालेला ‘द फास्ट अँड द फ्यूरिअस’ हा अमेरिकन बोलपट त्यानें पाहिला होता. “त्यांत बटण दाबतांच मोटार बाणासारखी सुटते. मग त्या बाटलींत असें कोणतें जहाल इंधन असतें?” प्रश्न चांगला होता, पण त्यांत एक चूक दडलेली होती. त्या बाटलींत इंधन मुळींच नसतें. आणि हीच चूक मनांत ठेवून जो बटण दाबील, त्याच्या इंजिनाचा नाश ठरलेला. म्हणून त्या प्रश्नाचें उत्तर येथें थोडें विस्तारानें देण्याचें आम्हीं योजिलें आहे.

बाटलींतील पदार्थाचें नांव नायट्रस ऑक्साइड. जोसेफ प्रीस्टले यानें हा वायु १७७२ सालीं शोधून काढला. १७९९ सालीं ब्रिस्टल येथें हंफ्री डेव्ही यानें तो स्वतः हुंगून पाहिला, तेव्हां त्याला हसूं लोटलें; त्यावरून ‘हास्यवायु’ हें नांव रूढ झालें. पुढें १८४४ सालीं अमेरिकेंतील हार्टफर्ड येथें होरेस वेल्स ह्या दंतवैद्यानें दांत काढतांना वेदना होऊं नयेत म्हणून त्याचा उपयोग केला. दुसऱ्या महायुद्धांत जर्मनांनीं तोच वायु लढाऊ विमानांच्या इंजिनांस पुरविला. कारण फार उंचीवर हवा विरळ असते, आणि तेथें इंजिनाचा जणूं श्वास कोंडतो. युद्धानंतरच्या काळांत अमेरिकेंतील मोटारशर्यतींच्या शौकिनांनीं ह्या युक्तीस जमिनीवर आणलें.

आतां तिचें मर्म पाहूं. चूल पेटवितांना आई फुंकणीनें फुंकते, तेव्हां जाळ वाढतो. पण फुंकणींत लांकूड नसतें. नायट्रस ऑक्साइड ही इंजिनाची फुंकणी होय. हवेंत वजनानें शंभर भागांत सुमारें २३ भाग प्राणवायु असतो. ह्या वायूंत तो सुमारें ३६ भाग असतो. सिलिंडरांतील प्रखर उष्णतेनें नत्र व प्राणवायु यांची फारकत होते, आणि अधिक प्राणवायु मिळाल्यानें अधिक पेट्रोल जाळतां येतें. शक्ति येते ती ह्या अधिक पेट्रोलांतून. शिवाय बाटलींत दाबाखालीं द्रवरूपानें असलेला हा पदार्थ बाहेर पडतांच वायुरूप होऊन अतिशय थंड होतो; त्यामुळें आंत येणारी हवाहि थंड व दाट होते. मात्र प्राणवायु वाढला आणि पेट्रोल वाढलें नाहीं, तर ज्वाला भलतीच तापते, मिश्रणाचे अवेळीं स्फोट होऊं लागतात, आणि ६६० अंश सेंटिग्रेडला वितळणाऱ्या अ‍ॅल्युमिनियमच्या पिस्टनास भोंक पडतें. म्हणून बटणापेक्षां पूर्वतयारीचें महत्त्व अधिक.

उदाहरणादाखल शेव्हरोले कंपनीचें ३५० घनइंची, आठ सिलिंडरांचें इंजिन घेऊं. १९६७ सालच्या कमॅरो मोटारीबरोबर तें पुढें आलें. त्याच्या सिलिंडराचा व्यास ४ इंच असतो. त्यास १०० अश्वशक्तीची भर द्यावयाची आहे, असें मानूं.

प्रथम इंजिनाची प्रकृति तपासावी. प्रत्येक सिलिंडरांतील दाब मापकानें मोजावा. आठांपैकीं सर्वांत अधिक व सर्वांत कमी दाबांत दहा टक्क्यांहून अधिक अंतर आढळल्यास झडपा, रिंगा किंवा गॅस्केट यांपैकीं कोठें तरी गळती आहे असें समजावें. अशा इंजिनास आधीं दुरुस्ती हवी. दुखणाईत मनुष्यास कोणी शर्यतींत पळवीत नाहीं.

नंतर पिस्टन. साधे पिस्टन ओतीव अ‍ॅल्युमिनियमचे असतात. इंजिन निरोगी असेल, तर वरील बेताची भर ते बहुधा सोसतात. फार पुढें जावयाचें असल्यास घडीव पिस्टन घालावे, कारण ओतीव धातु ठिसूळ व घडीव धातु चिवट असतो. पिस्टनाभोंवतींच्या रिंगेच्या दोन टोंकांमध्यें बारीक फट असते. उष्णतेनें रिंग वाढते, ती वाढ ह्या फटींत सामावते. एरवीं व्यासाच्या दर इंचास सुमारें ४ ते साडेचार सहस्रांश इंच फट पुरते. म्हणजे ४ इंचांस १६ ते १८ सहस्रांश. नायट्रससाठीं दर इंचास ५ ते ७, म्हणजे एकूण २० ते २८ सहस्रांश ठेवावी लागते. आगगाडीच्या रुळांच्या सांध्यांत जागा सोडण्याची जुनी रीत ह्याच कारणाची. जागा न उरल्यास रिंगेचीं टोंकें एकमेकांस भिडतात, रिंग सिलिंडराच्या भिंतीस आवळते, आणि पिस्टनाची कड उखडून निघते.

तिसरी गोष्ट पेट्रोलाची. जादा पेट्रोल जुना पंप पुरवील असें गृहीत धरूं नये. मोजून पाहावें, व कमी पडल्यास मोठा पंप बसवावा. अवेळीं पेट न घेणारें, उच्च ऑक्टेनचें पेट्रोल वापरावें. पेट्रोलाचा दाब घटतांच नायट्रस आपोआप बंद होईल असा विजेचा स्विच बसविणें शहाणपणाचें.

चौथी गोष्ट ठिणगीची. पिस्टन माथ्यावर पोंचण्यापूर्वींच ठिणगी पाडावी लागते. ह्या इंजिनांत वेग असतां ती सुमारें ३६ अंश आधीं पडते. नायट्रसनें मिश्रण जलद जळतें व दाब लवकर चढतो. तो वर येणाऱ्या पिस्टनावर उलट आदळूं नये म्हणून दर ५० अश्वशक्तींस सुमारें २ अंश उशीर करतात. आपल्या उदाहरणांत ३६ चे ३२ होतील. स्पार्क प्लगहि एकदोन पायऱ्या अधिक थंड जातीचे घालतात. नाहीं तर त्यांचें तापलेलें टोंक ठिणगीपूर्वींच मिश्रण पेटवितें.

शेवटीं बटण. नायट्रसची झडप अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबला असतां, आणि इंजिनाचे फेरे मिनिटास सुमारें ३००० च्या वर असतांनाच उघडेल अशी जोडणी असावी. नायट्रसचा प्रवाह दर सेकंदास सारखाच असतो. म्हणून फेरे कमी असतां प्रत्येक फेऱ्याच्या वांट्यास त्याची मोठी मात्रा येते, व इंजिन फुटतें. बाटलीहि घट्ट बांधलेली व उन्हापासून दूर हवी, कारण उष्णतेनें तिच्यांतील दाब झपाट्यानें चढतो.

ही विद्या बंदिस्त शर्यतीच्या मैदानाची आहे, रहदारीच्या रस्त्याची नव्हे. आपल्या देशांत तर मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमानें कारखानदाराच्या मूळ तपशिलाशीं विसंगत फेरबदल करण्यास मनाई आहे. पालकांनींहि हें मुलांस आवर्जून सांगावें.

विद्यार्थिमित्रांनो, बोलपटांत एक बटण दिसतें. त्यामागील पंप, प्लग, रिंगा व मोजमापें दिसत नाहींत. तहान लागल्यावर विहीर खणणाऱ्याची जी गत, तीच आधीं बटण दाबून मग इंजिन तपासणाऱ्याची. परीक्षेच्या आदल्या रात्रीं दिवा जाळून बसणाऱ्यांनीं हें इंजिन जरूर आठवावें. फुंकणी क्षणांत हातीं येते. लांकडें मात्र आधींच गोळा करून ठेवावीं लागतात.