पडद्यावरचा बिबट्या, पैनगंगेकाठचं रान

बीबीसीची ‘प्लॅनेट अर्थ’ ही मालिका २००६ साली आली, ११ भागांची. डोंगर, वाळवंट, गुहा, समुद्र असा एकेका भागात एकेक अधिवास. दुसऱ्या पर्वात, २०१६ मध्ये, शहरांवर स्वतंत्र भाग होता आणि त्यात आपली मुंबई दिसली. बोरिवलीच्या सुमारे १०४ चौरस किलोमीटरच्या राष्ट्रीय उद्यानाच्या कडेला, इमारतींच्या सावलीत डुकरांवर टपलेले बिबटे! रात्रीच्या अंधारात ते टिपले उष्णता ओळखणाऱ्या कॅमेऱ्याने. हा कॅमेरा उजेड नव्हे, अंगाची ऊब पाहतो. म्हणून दिवा न लावता, जनावराला न बुजवता चित्रण होतं.

फुलसावंगीच्या वाचकाने मात्र नकाशा जवळ ओढावा. यवतमाळ जिल्ह्याच्या महागाव तालुक्यातलं हे गाव. शेजारच्या उमरखेड तालुक्यात पैनगंगा अभयारण्याचं सागाचं रान. पानगळीचा हा अधिवास उन्हाळ्यात उघडाबोडका दिसतो, पण तो मेलेला नसतो. पाणी वाचवत असतो.

जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला टिपेश्वर अभयारण्य. तिथला ‘वॉकर’ हा तरुण वाघ २०१९ च्या जूनमध्ये निघाला आणि शेतं, नाले, रस्ते ओलांडत डिसेंबरात बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोहोचला. गळ्यातल्या रेडिओ कॉलरमुळे त्याची वाट कळली. एकूण भ्रमंती ३,००० किलोमीटरहून अधिक. आपल्या कपाशी-तुरीच्या शेतांतून जाणारी ही वाट एका पूर्ण मालिकेच्या योग्यतेची आहे.